पेशंट घरी सोडताना : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यायचा डिस्चार्ज

सकाळचा राउंड संपतो. डॉक्टर केसपेपरवर एक ओळ लिहितात आणि पुढच्या बेडकडे जातात. नातेवाईक लगेच पिशव्या भरायला घेतात, गावाकडे फोन जातो, ‘सुट्टी मिळाली, गाडी घेऊन या.’ आणि मग दुपारचे तीन वाजले तरी पेशंट बेडवरच. या मधल्या पाच-सहा तासांत सगळ्यात जास्त बोलणी कुणाला बसतात, तर वॉर्डातल्या सिस्टरला आणि तिच्याबरोबर उभ्या असलेल्या नर्सिंगच्या मुलीला.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, पणजी या पट्ट्यातली असंख्य मराठी मुलं-मुली आज एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करत आहेत. ॲडमिशन आणि डिस्चार्ज हा विषय त्यांना नर्सिंग फाउंडेशनमध्ये पहिल्याच वर्षी असतो. पुस्तकात तो दोन-तीन पानांत संपतो. वॉर्डात मात्र त्यातच औषधं, बिल, विमा, पोलीस, भाषा आणि माणसाचा स्वभाव असं सगळं येतं. ते एका जागी मिळावं म्हणून ही माहिती. ज्यांच्या घरचं कुणी दवाखान्यात आहे, त्यांनाही ती कामाला येईल.

डिस्चार्ज म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे लोक ‘सुट्टी मिळाली’ किंवा ‘घरी सोडलं’ म्हणतात. वडोद्याकडे गुजरातीच्या संगतीने ‘रजा’ हा शब्द चालतो, इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘छुट्टी’. शब्द कुठलाही असो, अर्थ असा की पेशंटची जबाबदारी दवाखान्याकडून घराकडे, दुसऱ्या दवाखान्याकडे किंवा गावच्या आरोग्य केंद्राकडे जाते. उपचार संपले असं नाही. बऱ्याचदा निम्मे उपचार घरीच व्हायचे असतात. म्हणून डिस्चार्ज म्हणजे जबाबदारी हवाली करणं. हवाली करताना काय राहिलं, कुणी करायचं आणि कधी करायचं हे समोरच्याला कळलं पाहिजे.

प्रकार असे लक्षात ठेवावेत :

– नेहमीचा डिस्चार्ज : डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरल्याप्रमाणे.
– रेफर किंवा ट्रान्सफर : मोठ्या किंवा वेगळ्या सोयीच्या दवाखान्यात पाठवणं.
– विनंतीवरून डिस्चार्ज : पेशंट बरा होत आहे, पण घरच्या अडचणीमुळे थोडं लवकर जायचंय आणि डॉक्टरांची त्याला हरकत नाही.
– सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज : डॉक्टर नको म्हणत असताना पेशंट जातो. याला वॉर्डात ‘लामा’ किंवा ‘डामा’ म्हणतात.
– न सांगता निघून जाणं : वॉर्डात याला ‘ॲबस्कॉन्ड’ म्हणतात.
– मृत्यू : यातही कागदपत्रं आणि हवाली करणं असतं, आणि सगळ्यात जास्त संयम इथेच लागतो.

तयारी पहिल्या दिवसापासून

डिस्चार्जची तयारी ॲडमिशनच्या दिवशी सुरू होते असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मुलांना ते नुसतं वाक्य वाटतं. एक उदाहरण घेऊ. समजा, चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या साठीच्या आज्जी पायाच्या जखमेसाठी बेळगावला ॲडमिट झाल्या. शुगर वाढलेली, जखमेची सफाई झाली, इन्सुलिन सुरू झालं. आठव्या दिवशी सुट्टी. त्यांना घरी सोडायचं तर आधी कळायला हवं : घरी कोण आहे? सुई कोण टोचणार? आज्जींना सिरिंजवरचे आकडे दिसतात का? घरात फ्रीज आहे का? संडास घरात आहे की लांब? ड्रेसिंगसाठी रोज कुठे जाणार? एसटी गावात येते का?

हे सगळं आठव्या दिवशी दुपारी विचारून उपयोग नाही. ॲडमिशनच्या वेळी माहिती घेतानाच ते विचारायचं. सून टोचणार असेल तर तिला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून शेजारी उभं करायचं, आधी बघू द्यायचं, मग आपल्यासमोर तिच्या हाताने करून घ्यायचं. शेवटच्या दिवशी पहिल्यांदा सुई हातात दिली तर ती घाबरते, ‘हो, येतंय’ म्हणते आणि घरी गेल्यावर अडते.

दिवसभरात काय काय घडतं

डॉक्टरांनी सुट्टी लिहिल्यापासून पेशंट गेटबाहेर पडेपर्यंतची साखळी साधारण अशी असते :

१. डॉक्टरांची लेखी ऑर्डर. तोंडी सांगण्यावर पेशंट सोडत नाहीत.
२. राहिलेले रिपोर्ट, सल्ल्यासाठी बोलावलेल्या दुसऱ्या डॉक्टरांचा अभिप्राय, फिजिओथेरपी, आहारतज्ज्ञ यांचं काम पूर्ण आहे का ते बघणं.
३. न वापरलेली औषधं आणि साहित्य फार्मसीला परत. ही नोंद झाल्याशिवाय बिल बंद होत नाही.
४. डिस्चार्ज समरी तयार होणं, टाइप होणं, डॉक्टरांनी तपासून सही करणं.
५. फाइल बिलिंगला. विमा किंवा योजना असेल तर मंजुरी.
६. बिल भरल्याची पावती किंवा योजनेची मंजुरी वॉर्डात येणं.
७. कॅन्युला, कॅथेटर वगैरे काढणं, शेवटची तपासणी, औषधं आणि सूचना समजावणं.
८. कागद, फिल्म, सामान हवाली करणं, सही घेणं, गेटपास.
९. पेशंट व्हीलचेअरवरून गाडीपर्यंत.
१०. बेडची सफाई, रजिस्टर आणि सेन्ससमध्ये नोंद.

यातली एक कडी अडली की पुढचं सगळं थांबतं. नातेवाइकांना हे दिसत नाही, त्यांना फक्त समोरची नर्स दिसते. म्हणून सकाळीच स्पष्ट सांगावं, ‘काका, सुट्टी झालीय, पण बिल आणि कागद व्हायला दुपार होईल. गाडी तीनच्या पुढे बोलवा. तोवर पेशंटचं जेवण आणि दुपारची गोळी इथेच होईल.’ एवढं एक वाक्य वेळेवर बोललं तर निम्मी भांडणं टळतात. आणि हो, सुट्टी लिहिली म्हणून दुपारचा डोस चुकवायचा नसतो. पेशंट गेटबाहेर जाईपर्यंत तो वॉर्डाचाच.

समरीत काय असायला हवं

डिस्चार्ज समरी डॉक्टर लिहितात, पण ती पेशंटच्या हातात नर्स देते. त्यामुळे ती वाचता आलीच पाहिजे. दवाखान्यांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांप्रमाणे समरीत दाखल होण्याचं कारण, निदान, महत्त्वाचे रिपोर्ट, केलेले उपचार आणि ऑपरेशन, दिलेली औषधं, घरी जातानाची तब्येत, पुढची औषधं आणि सल्ला, आणि तातडीची मदत कधी व कशी घ्यायची, हे सगळं यायला हवं. सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्या पेशंटलाही समरी मिळायला हवी.

देण्याआधी नर्सने नाव, वय, आयपी नंबर आणि कुठला हात किंवा पाय ही उजवी-डावी बाजू पडताळावी. औषधांची यादी केसपेपरवरच्या शेवटच्या ऑर्डरशी जुळते का ते बघावं. चूक दिसली तर आपण खाडाखोड करायची नाही. डॉक्टरांना दाखवून दुरुस्त करून घ्यायची.

पुढे कधी कागद हरवले तर? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात. हे नातेवाइकांना माहीत नसतं, सांगितलं तर बरं.

औषधं : सगळ्यात मोठा धोका

आज्जींचंच उदाहरण पुढे नेऊ. दवाखान्यात इन्सुलिन सुरू झालं आणि शुगरच्या जुन्या दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी बंद केली. समरीत ते लिहिलंय, इंग्रजीत. घरी कपाटात जुन्या गोळ्यांचा डबा तसाच. आज्जी इन्सुलिनही घेणार आणि सवयीने जुनी गोळीही. मग पहाटे शुगर उतरणार, घाम सुटणार, बोलणं अडखळणार आणि घरचे समजणार अशक्तपणा आहे. माणूस यात जाऊ शकतो.

दुसरा घोटाळा ब्रँडचा. दवाखान्याच्या फार्मसीने एका कंपनीची गोळी दिली, गावच्या मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची. औषध एकच, नाव वेगळं. घरचे दोन्ही देतात. तिसरा घोटाळा वेळेचा. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदा घेतात. ते रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. अशा गोळीला वार ठरवून द्यावा, ‘फक्त रविवारी’ असं मोठ्या अक्षरात पाकिटावर लिहावं.

म्हणून औषधं सांगताना चार गोष्टी सांगायच्या : नवीन काय सुरू झालं, जुनं काय चालू ठेवायचं, कशाचा डोस बदलला आणि काय बंद. ‘काय बंद’ हे सगळ्यात जास्त राहून जातं. शक्य असेल तर घरचा औषधांचा डबाच दवाखान्यात मागवून घ्यावा आणि डॉक्टरांना विचारून बंद झालेली औषधं तिथेच बाजूला काढावी.

वॉर्डातले शब्द पेशंटला कळत नाहीत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. १-०-१ मधलं शून्य दुपारसाठी, हेही सांगावं लागतं. ‘एक दिवसाआड’ म्हटलं की काही जण दोन दिवस सोडतात, त्यामुळे सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वारच द्यावेत. ‘अनशापोटी’ म्हणजे चहाच्याही आधी, हे उघड सांगावं, कारण आपल्याकडे चहा म्हणजे खाणं नव्हेच.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीज नसेल तर थंड जागी कशी ठेवायची ते विचारून सांगावं. शुगर उतरल्याची खूण म्हणजे घाम, थरथर, एकदम भूक, चक्कर, गोंधळ. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८.

भाषा : सीमाभागातली खरी अडचण

समरी इंग्रजीत. ड्युटीवरची सिस्टर कन्नड किंवा मल्याळम बोलणारी. पेशंट मराठी. बेळगाव, खानापूर, निपाणीत हे रोजचं आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात सिंधुदुर्गातून पेशंट जातात, तिथे कोकणी आणि मराठी एकमेकींत मिसळतात. हैदराबादला मराठी कुटुंबांना तेलुगू आणि हिंदीत निभवावं लागतं. अशा ठिकाणी मराठी येणारी विद्यार्थिनी वॉर्डाची मोठी सोय असते आणि तिला हाक पडतेच.

हे काम मोलाचं आहे, पण त्याला शिस्त हवी. सिस्टर किंवा डॉक्टर जे सांगतात तेवढंच सांगायचं. आपल्या मनाने भर घालायची नाही, कठीण भाग गाळायचा नाही. निदान किंवा आजाराचं गांभीर्य सांगणं हे डॉक्टरांचं काम, तिथे फक्त त्यांचं वाक्य मराठीत आणायचं. लहान मुलांना दुभाषी करू नये. आईच्या पाळीबद्दल किंवा वडिलांच्या कॅन्सरबद्दल मुलाकरवी विचारणं बरं नव्हे.

उलट बाजूनेही तयारी हवी. वॉर्डात कन्नड पेशंट असतातच. सकाळी म्हणजे ‘मुंजाने’ किंवा ‘बेळिग्गे’, जेवण म्हणजे ‘ऊट’, गोळी म्हणजे ‘गुळिगे’. ‘ऊटद नंतर’ म्हणजे जेवणानंतर. त्यातलं ‘नंतर’ आपलंच, ‘रात्री’ही दोन्हीकडे सारखं. कोकणीत ‘उपरांत’ म्हणजे नंतर. एवढे दहा-बारा शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले तरी काम सोपं होतं.

वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य, ताट आणि चंद्र काढून द्यावेत. उगवता सूर्य सकाळ, ताट दुपार, चंद्र रात्र. जितक्या गोळ्या तितके टिंब.

‘समजलं का?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही

‘समजलं का?’ विचारलं की आपल्याकडे प्रत्येक जण मान हलवतो. मोठ्या माणसांना नाही म्हणायला लाज वाटते, आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते. म्हणून पेशंटकडूनच वदवून घ्यायचं. नर्सिंगमध्ये याला ‘टीच बॅक’ म्हणतात. परीक्षा घेतल्यासारखं न विचारता असं विचारावं, ‘आज्जी, घरी गेल्यावर लेक विचारेल, कुठली गोळी कधी घ्यायची? काय सांगाल तिला?’ आज्जी सांगताना जिथे अडतील तिथे आपलं सांगणं कमी पडलं असं समजून पुन्हा सांगायचं. इन्सुलिन, ड्रेसिंग, नळीतून अन्न देणं, पंप वापरणं या गोष्टी बोलून नव्हे, करून दाखवायला लावायच्या.

काय काय शिकवायचं ते लक्षात ठेवायला ‘मेथड’ हा शब्द अभ्यासात येतो. मे म्हणजे मेडिसिन, ए म्हणजे घरातलं वातावरण आणि सोयी, टी म्हणजे घरी करायचे उपचार, एच म्हणजे आरोग्य शिक्षण, ओ म्हणजे ओपीडीत परत कधी यायचं, डी म्हणजे डाएट. व्हायवात विचारलं जातंच, वॉर्डातही याच क्रमाने बोललं तर काही सुटत नाही.

डाएट सांगताना पेशंटचं ताट ओळखून सांगावं. ‘लो सॉल्ट डाएट’ सांगून काही होत नाही. लोणचं, पापड, खारवलेली मासळी, चटणीवरचं वरचं मीठ बंद, असं सांगितलं की कळतं. शुगरवाल्याला ‘भात अजिबात नको’ म्हटलं तर कोकणाकडचा माणूस दोन दिवसांत सगळंच पथ्य सोडतो. किती वाटी चालेल ते आहारतज्ज्ञांना विचारून सांगावं.

परत लगेच कधी यायचं

तारीख देऊन ‘फॉलोअपला या’ एवढंच सांगितलं तर लोक त्रास झाला तरी तारखेची वाट बघतात. धोक्याच्या खुणा वेगळ्या सांगाव्या :

– ऑपरेशननंतर : ताप, टाक्यांतून पू, जखम उघडणं, वाढती सूज किंवा दुखणं.
– प्लास्टर : बोटं निळी किंवा थंड पडणं, बधिर होणं, न थांबणारं दुखणं.
– डोक्याला मार : पुन्हा पुन्हा उलटी, जास्त झोप, झटका, वागण्यात बदल.
– बाळंतीण : तासाभरात पॅड भिजेल एवढं रक्त, ताप, घाण वास, जोराची डोकेदुखी, अंधारी, झटका.
– नवजात बाळ : दूध न ओढणं, अंग थंड पडणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे होणं.
– हृदयाचा पेशंट : छातीत दुखणं, धाप, अचानक वजन आणि पायाची सूज वाढणं.

निघण्याआधीची शेवटची तपासणी

तापमान, नाडी, श्वास, बीपी घेऊन लिहायचं. आकडा बिघडलेला दिसला तर बिल भरलेलं असलं तरी पेशंट थांबवून डॉक्टरांना कळवायचं. इथे नर्सला संकोच नको.

हातातली कॅन्युला काढली का, हे डोळ्यांनी बघायचं. बाही खाली असली की ती राहून जाते आणि पेशंट कॅन्युलेसकट गावी पोचतो. काढल्यावर टोक अखंड आहे का ते बघायचं आणि दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त वेळ. घरी कॅथेटर किंवा नळी ठेवून पाठवत असतील तर ती कधी टाकली, कधी बदलायची आणि कुठे, हे लिहून द्यायचं. कचरा ठरलेल्या डब्यात : आयव्ही सेट, कॅथेटर लाल, रक्ताळलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळा, सुया पांढऱ्या डब्यात.

बाळंतिणीच्या बाबतीत आईच्या आणि बाळाच्या हातातल्या पट्ट्या जुळवल्याशिवाय बाळ कुणाच्याही हाती द्यायचं नाही, आजी कितीही ओळखीची असो. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी या जन्माच्या लसींची नोंद माता-बाल कार्डावर, म्हणजे कर्नाटकातल्या तायी कार्डावर, झाली का ते बघायचं. सरकारी दवाखान्यातून बाळंतीण आणि बाळाला घरी सोडण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. हा कार्यक्रम २०११ पासून देशभर आहे. कर्नाटकात या गाडीला ‘नगुमगु’ म्हणतात. घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायच्या असतात, हेही सांगावं.

जन्म किंवा मृत्यूची नोंद जिथे घटना घडली तिथे होते, राहत्या गावी नाही. चंदगडच्या बाळाचा जन्म बेळगावात झाला तर दाखला बेळगावातूनच घ्यावा लागतो, आणि तो कन्नड-इंग्रजीत असतो. म्हणून नावांचं इंग्रजी स्पेलिंग आईवडिलांच्या आधार कार्डाशी जुळवूनच फॉर्म भरून घ्यावा. एक अक्षर चुकलं तर शाळेच्या प्रवेशापर्यंत हेलपाटे पडतात. नोंदीची मुदत २१ दिवसांची.

बिल, विमा आणि योजना

बिलाचा हिशेब नर्सचा नाही, पण वॉर्डातली प्रत्येक नोंद बिलात जाते. न वापरलेली सलाईन परत गेली नाही, प्रोसिजर दोनदा लिहिली गेली, बेड बदलल्याची वेळ चुकली, तर फरक पेशंटच्या खिशातून जातो. शेतमजुराच्या घरी ती एका आठवड्याची मजुरी असू शकते. नोंद काटेकोर ठेवणं हीसुद्धा पेशंटची सेवाच.

खासगी विमा असेल तर विमा नियामक इर्डाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दवाखान्याकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. उशिरामुळे दवाखान्याने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. म्हणजे समरी आणि कागद वॉर्डातून लवकर गेले तर घड्याळ लवकर सुरू होतं. ग्लोव्हज, डायपर यांसारख्या काही वस्तूंचे पैसे पॉलिसीप्रमाणे विम्यात बसत नाहीत, ते पेशंटला भरावे लागू शकतात.

आयुष्मान भारतमध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, यादीतल्या दवाखान्यात राज्याबाहेरही उपचार मिळतात, आणि डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांची औषधं व तपासण्या त्यात धरलेल्या आहेत. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते आणि ते बाहेरून विकत घेतात. राज्यांच्या योजना वेगळ्या : महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला. पेशंटच्या दृष्टीने महत्त्वाचं एकच : कुठली योजना या दवाखान्यात चालते ते ॲडमिशनलाच आरोग्यमित्राला विचारायचं. सुट्टीच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

बिलावरून वाद झाला तर? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पेशंटला डिस्चार्ज घेण्याचा आणि नातेवाइकांना मृतदेह ताब्यात घेण्याचा हक्क मांडला आहे. बिलाच्या वादापोटी अडवून ठेवता येत नाही अशी त्यातली भूमिका. विद्यार्थिनीने अशा वादात पडू नये, सिस्टर इन्चार्ज आणि समाजसेवा विभागाला बोलवावं.

सल्ल्याविरुद्ध जाणारा पेशंट

‘लामा’ म्हटलं की वॉर्डात नाराजी असते. पण बहुतेक वेळा मागे पैसा, कापणीचे दिवस, घरी एकटी राहिलेली मुलं किंवा भीती असते. कधी घरच्यांना माणूस शेवटचा श्वास आपल्या घरात घ्यावा असं वाटतं. आधी कारण ऐकावं. पैशाची अडचण असेल तर समाजसेवा अधिकारी किंवा आरोग्यमित्र मार्ग काढू शकतात. तरीही जायचं ठरलं तर डॉक्टरांनी धोके त्यांच्या भाषेत सांगायचे, फॉर्मवर सही घ्यायची. सही नाकारली तर तसं लिहून साक्षीदाराची सही. समरी, औषधांची चिठ्ठी आणि ‘त्रास वाढला तर केव्हाही परत या’ हे वाक्य त्यांनाही द्यायचं. अपमान करून पाठवलेला माणूस गरज पडली तरी परत येत नाही.

अपघात, विषबाधा, मारहाण, भाजणं अशी पोलीस केस असेल तर डिस्चार्ज, रेफर किंवा मृत्यूची खबर पोलिसांना द्यावी लागते. फाइलवर एमएलसी शिक्का आहे का ते आधी बघायचं. क्षयरोगाचा पेशंट दुसऱ्या राज्यात जात असेल तर त्याचा निक्षय नंबर समरीवर लिहिलेला असावा. तो देशभर चालतो, त्यामुळे गावच्या केंद्रात औषध तुटत नाही.

नोंद आणि विद्यार्थ्याची मर्यादा

शेवटच्या नर्सिंग नोंदीत तारीख-वेळ, तब्येत आणि आकडे, जखमेची स्थिती, काय शिकवलं, कुणाला, कुठल्या भाषेत, त्यांनी परत सांगितलं का, कुठले कागद-फिल्म-औषधं दिली, कुणाबरोबर आणि कशाने गेले हे सगळं यायला हवं. ‘पेशंट डिस्चार्ज्ड’ एवढ्या दोन शब्दांची नोंद पुढे वाद झाल्यावर कामाची नसते.

विद्यार्थ्याने एकट्याने पेशंट सोडायचा नाही, स्टाफ नर्सच्या देखरेखीखालीच. फोनवरून कुणाला रिपोर्ट सांगायचे नाहीत. समरीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, ‘अभ्यासासाठी’ म्हणूनसुद्धा नाही.

चंदगडच्या त्या आज्जी दुपारी साडेतीनला गाडीत बसतात. पिशवीत समरी, सूर्य-चंद्र काढलेली पाकिटं, इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज. बंद झालेली जुनी गोळी मात्र त्या पिशवीत नाही, आणि घरच्या डब्यातूनही ती काढायची हे सुनेला माहीत आहे. ते सुनेने स्वतःच्या तोंडाने सांगून दाखवलं असेल, तर डिस्चार्ज झाला असं म्हणायचं.